चौथी तक्रार पहिली लिहा

पत्र पेन्सिल्वेनियातून आलंय, नाव छापू नका म्हणालेत म्हणून छापत नाही. बरंच लांब आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो:

"दादा, मागच्या ऑक्टोबरात आयुष्यातली पहिली रायफल घेतली, .308 मापाची, बोल्ट नावाचा दांडा हाताने ओढून काडतूस भरायची बोल्ट अ‍ॅक्शन, स्कोप बसवलेलं पॅकेज, साडेसहाशे डॉलरला. चार प्रॉब्लेम आहेत. एक, 100 यार्डांवर तीन गोळ्या चार इंचात पसरतात, मित्राची जुनी रायफल दीड इंचात मारते. दोन, मॅगझिनमधलं तिसरं काडतूस हमखास अडकतं. तीन, फायर केल्यावर बोल्ट उचलायला जोर लागतो, कधीकधी तळहाताने ठोकावा लागतो. चार, दोनदा असं झालं की रायफल रिकामी होती, मी सेफ्टी पुढे केली आणि ट्रिगरला बोट नसताना क्लिक झालं. दुकानदार म्हणतो विकलेली बंदूक परत घेत नाही, कंपनीला पाठव. कंपनीने दोनदा मागवली आणि दोन्ही वेळा 'विदिन स्पेसिफिकेशन' असा कागद लावून परत पाठवली. एक मित्र म्हणतो यूट्यूब बघून ट्रिगर आपणच नीट करू, दुसरा म्हणतो दुसऱ्या दुकानात एक्सचेंजला देऊन मोकळा हो, बायको म्हणते मी आधीच सांगत होते. वॉरंटी येत्या ऑक्टोबरात संपतेय. इथे बंदूक कंपन्यांवर केस करता येत नाही म्हणतात, खरंय का?"

अहो, तुम्ही चौथ्या नंबरवर जे लिहिलंय ना ते वाचून मी आधीच्या तिन्ही तक्रारी विसरलो. सेफ्टी काढताना, म्हणजे ट्रिगर अडवणारा खटका पुढे ढकलताना, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारी सुई) सुटणं हा त्या यादीतला एकमेव प्रॉब्लेम आहे ज्याने माणूस मरतो, आणि मला खात्री आहे की कंपनीला पाठवलेल्या फॉर्मवरही तुम्ही हाच क्रम ठेवला असणार, वर मोठ्या अक्षरात चार इंचाचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, आणि खाली शेवटच्या ओळीत जाता जाता सेफ्टी. सर्व्हिसवाला माणूस दिवसभर हेच करतो, तो पहिली ओळ वाचतो, रायफल रेस्टवर लावतो, तीन गोळ्या मारतो, आकडा त्यांच्या आतल्या मर्यादेत बसला की शिक्का मारून खोक्यात घालतो. म्हणून पहिलं काम, या रायफलमध्ये आजपासून जिवंत काडतूस घालायचं नाही. रेंजवर नाही, "फक्त एकदा बघतो" म्हणून नाही, कंपनीचा नवा कागद हातात येईपर्यंत अजिबात नाही.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. रेमिंग्टनचं मॉडेल 700 हे नाव रेंजवर ऐकलं असेलच, 1962 साली बाजारात आलेली आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेल्या बोल्ट अ‍ॅक्शनपैकी एक. तिच्या जुन्या ट्रिगरबद्दल वर्षानुवर्षं नेमकी हीच तक्रार होती, सेफ्टी काढली की गोळी सुटते, आणि हे कायम होत नव्हतं, कधीतरीच व्हायचं. 2000 साली मोंटानात एका बाईने रायफल रिकामी करायला सेफ्टी काढली आणि गोळी सुटून तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. 1982 च्या आधीच्या त्या रायफलींमध्ये बोल्ट उघडायचा तर सेफ्टी काढावीच लागायची, म्हणजे रिकामी करतानाच सगळ्यात जास्त धोका. कंपनीने दोष कधीच कबूल केला नाही. पुढे 2006 पासून बसवलेला नवा ट्रिगर आला तर 2014 च्या एप्रिलमध्ये तोही परत मागवावा लागला, कारण काय तर जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ काही ट्रिगरमध्ये जास्त लागला होता. एवढ्याशा कारणाने. जुन्या ट्रिगरवरच्या क्लास अ‍ॅक्शनमध्ये (सगळ्या मालकांच्या वतीने चाललेली एकच केस) 2017 ला तडजोड मंजूर झाली, साधारण 75 लाख बंदुका त्यात येत होत्या आणि तरी त्या सुनावणीपर्यंत ट्रिगर बदलून मागणारे एक टक्काही नव्हते! लोकांना वाटतं आपली चांगली चालतेय की.

तुमची रायफल त्या कंपनीची नाही हे मी पत्रात वाचलंय, मुद्दा तो नाही. मुद्दा असा की दोनदाच क्लिक झालं, मधे पन्नास वेळा काही झालं नाही, म्हणून कंपनीच्या टेबलावरही काही झालं नाही. असा कधीतरी येणारा दोष पकडून देणं तुमच्याच हातात आहे. तर घरी असं करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन डोळ्याने बघा, मग बोट घालूनही बघा. गनच्या दुकानात .308 ची डमी काडतुसं मिळतात, स्नॅप कॅप म्हणतात, ती घ्या. मोबाईल स्टँडवर लावा, सुरुवातीला सिरीयल नंबर दाखवा, रिकामं चेंबर दाखवा, मग नळी सुरक्षित दिशेला, मागे माणूस येणार नाही अशा भिंतीकडे ठेवून बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा थोडा जोरात दाबून सोडून द्या, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर काढा आणि ते कॅमेऱ्यात दिसू द्या, आता सेफ्टी पुढे करा. क्लिक झालं तर झालं तुमचं काम. नाही झालं तर परत, परत, कंटाळा येईपर्यंत. बोल्ट जोरात बंद करूनही बघा, दस्त्याचं बूड रबरी मॅटवर हलकं आपटूनही बघा. पहिल्या दोन वेळा नेमकं काय वेगळं होतं ते आठवा, रायफल थंडीतून आत आणली होती का, नुकतंच भरपूर तेल घातलं होतं का, ट्रिगर आधी दाबला गेला होता का. सगळं लिहून काढा. हा व्हिडिओ कट न करता एकसलग ठेवा, एडिट केलेला व्हिडिओ वकील सोडा, सर्व्हिसवालापण मानत नाही.

मग कंपनीला लिहायचं. फोन करू नका, म्हणजे आरएमए नंबरपुरता (माल परत पाठवायला कंपनी देते तो नंबर) करा, पण तक्रार लेखी हवी, ईमेल आणि शिवाय खोक्यात एक छापील कागद. पहिली ओळ इंग्रजीत, बरोबर या शब्दांत, 'फायर्स ऑन सेफ्टी रिलीज'. या तीन-चार शब्दांना त्या धंद्यात वजन आहे, 'सेफ्टी समटाइम्स मेक्स क्लिक साउंड' असं लिहिलंत तर कचऱ्यात जाईल. पुढे तारखा, व्हिडिओची लिंक, आधीच्या दोन रिपेअर ऑर्डरचे नंबर. आणि मागणी स्पष्ट, पूर्ण ट्रिगर असेंब्ली बदला किंवा रायफल बदला, आणि काय तपासलं ते लेखी कळवा. या पत्रात चार इंचाचा ग्रुप एका शब्दानेही येऊ देऊ नका! बोल्ट जड जातो आणि काडतूस अडकतं या दोन ओळी खाली चालतील.

आता ती बोल्टची गोष्ट, कारण तीही मला तितकीशी साधी वाटत नाही. बोल्ट जड उचलला जातो त्याची दोन मुख्य कारणं, एकतर काडतुसात प्रेशर जास्त आहे किंवा चेंबर आतून खडबडीत राहिलंय. तुम्ही फॅक्टरीचं काडतूस वापरता का मित्राने घरी भरून दिलेलं, हे लिहिलंच नाही. घरी भरलेलं असेल तर आधी तोंड मिटा, कारण जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या वॉरंटीत रीलोडने झालेलं नुकसान बाहेर काढलेलं असतं. फॅक्टरीचंच असेल आणि दोन वेगळ्या कंपन्यांची काडतुसं तशीच अडकली असतील तर संशय चेंबरवर. मारलेली रिकामी पितळी केस असतील ना जपून ठेवलेली, त्यांच्यावर उजेडात बघा, एकाच जागी लांब चकचकीत ओरखडे दिसत असतील तर तीच तुमची साक्ष. दोन-चार केस पिशवीत घालून रायफलबरोबर पाठवा. जिवंत काडतूस खोक्यात एकही नको, चुकूनसुद्धा नको.

मॅगझिनचं तिसरं काडतूस हे बहुतेक वेळा मॅगझिनच्या पत्र्याचे ओठ किंवा स्प्रिंग, पंधरा मिनिटांचं काम, कंपनी नवीन मॅगझिन टाकून देईल. पुढे.

आणि चार इंचाचा ग्रुप. तुम्हाला सगळ्यात जास्त हाच झोंबलाय हे कळतंय, पण खरं सांगू का, पेन्सिल्वेनियाच्या झाडीत हरीण बऱ्याचदा 100 यार्डांच्या आतच दिसतं आणि त्याचा मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा, म्हणजे चिडचिड होईल पण शिकार चुकणार नाही. शिवाय यात रायफलचा दोष किती हे अजून कुणालाच माहीत नाही. पॅकेजमधले स्कोप स्वस्त असतात आणि दुकानात घाईत बसवलेले असतात. बेसचे आणि रिंगचे स्क्रू घट्ट आहेत का बघा, दस्त्याचे अ‍ॅक्शन स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आहेत का बघा, त्यासाठी इंच-पाउंडाचा छोटा रेंच मिळतो, अंदाजाने आवळू नका. एक डॉलरची नोट बॅरल आणि दस्त्याच्या मधून सरकवा, कुठे अडकली तर बॅरल तिथे दस्त्याला टेकतंय. हे सगळं रिकाम्या रायफलवर आत्ताच होतं. ट्रिगरचा निकाल लागल्यावर रेंजवर जाऊन मित्राचा चांगला स्कोप लावून, तीन वेगवेगळी काडतुसं घेऊन, दोन ग्रुपच्या मधे बॅरल थंड होऊ देऊन मारा. हलकं बॅरल तापलं की गोळ्या भटकतात, त्याला वॉरंटी काही करू शकत नाही. गेम कमिशनच्या (राज्याचं शिकार खातं) रेंजवर हंटिंग लायसन्स असेल तर वेगळं परमिट लागत नाही, माहीत असेलच.

आणि मग एक गोष्ट शोधा, तुमच्या मॉडेलला अ‍ॅक्युरसीची लेखी गॅरंटी आहे का. काही कंपन्या देतात, वेदरबीचं व्हॅनगार्ड किंवा बर्गारा वगैरे, 100 यार्डांवर तीन गोळ्या साधारण एका इंचात, त्याला एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) म्हणतात, म्हणजे 1.05 इंचाच्या आसपास, तेही चांगल्या फॅक्टरी काडतुसाने. अशी ओळ छापलेली असेल तर तुमचे टार्गेटचे कागद म्हणजे पुरावा. नसेल तर 'विदिन स्पेसिफिकेशन' म्हणजे कंपनीच्या मनात असेल ते, आणि मित्राची रायफल दीड इंचात मारते याचा कायद्यात काही उपयोग नाही.

कायद्याचं म्हणाल तर तुमच्या डोक्यात बहुतेक आपल्याकडचं ग्राहक न्यायालय आहे, अर्ज टाकला, तारीख पडली. इथे तसं नाही, आणि बंदुकीच्या बाबतीत तर एक विचित्र भोक आहे. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन म्हणून जी फेडरल संस्था आहे ती कुकरचं झाकण नीट लॉक होत नसेल तर कंपनीच्या मागे लागून कुकर परत मागवायला लावू शकते, पण बंदुका आणि काडतुसं संसदेनेच तिच्या हाताबाहेर ठेवली आहेत, 1976 च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे रायफलचा रिकॉल हा कंपनीने स्वतःहून केला तरच होतो. तुमच्या सिरीयल नंबरवर रिकॉल दिसत नाही याचा अर्थ रायफल निर्दोष असा घेऊ नका, फक्त कंपनीने अजून काढलेला नाही एवढाच घ्या. सदोष निघालेली वस्तू कंपनीला परत घ्यायला लावणारा लेमन लॉ पण विसरा, तो गाड्यांचा.

पण केसच करता येत नाही हे साफ चूक. 2005 चा जो कायदा लोक सांगतात तो कुणी तिसऱ्याने बंदुकीने गुन्हा केला तर त्याची जबाबदारी कंपनीवर येऊ नये म्हणून आहे, आणि त्यात वॉरंटी मोडणं आणि बनावटीतला दोष हे दोन्ही अपवाद लिहिलेले आहेत. तुमच्या कामाचा कायदा 1975 चा मॅग्नसन-मॉस. त्याने असं होतं की लेखी वॉरंटी दिली की कंपनीला, वस्तू निदान तिच्या नेहमीच्या कामाला लायक आहे, ही न लिहिलेली हमी पूर्ण नाकारता येत नाही, फार तर वॉरंटीच्या मुदतीएवढी मर्यादित करता येते. आणि केस जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते. गंमत म्हणजे याच कायद्यामुळे रूगर लेखी वॉरंटी देतच नाही, कागदावर तसं चक्क कारणासकट सांगते, आणि तरीही दुरुस्त करून देते. तेव्हा लेखी वॉरंटी नाही म्हणजे कंपनी वाईट असंही नाही.

तुमची बहुतेक 'लिमिटेड' वॉरंटी असेल, बॉक्समधल्या कागदावर शब्द बघा. 'फुल' असती तर ठराविक प्रयत्नांनंतर पैसे किंवा नवी वस्तू हा तुमचा हक्कच झाला असता, लिमिटेडमध्ये थोडं भांडावं लागतं, पण दोनदा पाठवून तिसऱ्यांदाही तोच दोष परत आला तर दुरुस्तीचा उपायच फसलाय असं म्हणता येतं, आणि तेव्हा पैसे परत मागणारं रजिस्टर्ड पत्र. त्यालाही उत्तर नाही तर तुमच्या भागातला मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जज, म्हणजे छोटे दावे ऐकणारा स्थानिक न्यायाधीश, तिथे 12,000 डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि साडेसहाशेसाठी वकील लागत नाही. हे ऑक्टोबरच्या आधी सुरू करा. दोष वॉरंटीच्या मुदतीत लेखी कळवला होता एवढं कागदावर असलं की पुढचा अर्धा वाद संपतो.

यूट्यूबवाल्या मित्राला चहा पाजून घरी पाठवा. ट्रिगरच्या आत सीअर म्हणून एक छोटा तुकडा फायरिंग पिनला धरून ठेवतो, त्याच्या कडा जरा घासल्या की आज कधीतरी होणारं उद्या नेहमी होईल, आणि आता कंपनीला खरंच दाखवता येईल की दोष तुम्ही घातला. नुसता दुसऱ्या कंपनीचा स्कोप लावला म्हणून अख्खी वॉरंटी गेली असं त्यांना म्हणता येत नाही, नुकसान त्यानेच झालं हे दाखवावं लागतं, पण उघडलेला ट्रिगर म्हणजे तुम्हीच ते दाखवून दिल्यासारखं. एक्सचेंजवाल्या मित्राचा सल्ला त्याहून वाईट. दोष माहीत असताना न सांगता रायफल पुढे सरकवायची आणि ती कुणा पोराच्या हातात जाऊन सुटायची, छे. सांगून द्यायची असेल तर कोण घेतंय बघा.

पाठवण्याचं. दुरुस्तीसाठी स्वतःची रायफल थेट कंपनीला पाठवायला फेडरल कायद्याची परवानगी आहे आणि दुरुस्त झालेली किंवा त्याच प्रकारची बदली थेट तुमच्या घरी येऊ शकते, पुन्हा 4473 फॉर्म (बंदूक विकत घेताना दुकानात भरतात तो फेडरल फॉर्म) न भरता. कुरियर कंपन्यांचे स्वतःचे नियम मात्र कडक झालेत, त्यामुळे कंपनीकडून प्रीपेड लेबल मागा, नाहीतर तुमच्या दुकानदारामार्फत पाठवा. सेफ्टीची तक्रार आहे तर शिपिंगचा खर्च त्यांचा, हे मागायला लाजू नका. स्कोप काढून घ्या, बोल्ट आणि मॅगझिन मात्र बरोबर द्या, खोक्याबाहेर आत काय आहे ते लिहू नका. कंपनीने वेगळं मॉडेल देऊ केलं तर ते दुकानातून फॉर्म भरून घ्यावं लागेल, ती दुकानाची फीसुद्धा त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.

आणि एक गोष्ट जी तुमचे गोरे शिकारी मित्र सांगणार नाहीत कारण त्यांना ती लागूच नाही. तुम्ही व्हिसा कुठला ते लिहिलं नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-1बी वर असाल तर बंदूक बाळगायची तुमची मुभा बहुधा हंटिंग लायसन्सवरच उभी आहे, चालू लायसन्सवर, आणि पेन्सिल्वेनियाचं लायसन्स 30 जूनला संपतं. आता मे चाललाय, रायफल पाठवलीत, ती जुलैत कुरियरने दारात आली आणि नवं लायसन्स काढायचं राहिलं असेल तर सही करून खोकं घेताक्षणी तुम्ही फेडरल गुन्ह्यात. उगाच ग्रीन कार्डाच्या रांगेत हे कुठे नाचवायचं! नवी लायसन्सं जूनच्या शेवटाला विकायला येतात, त्याच आठवड्यात काढा. रायफल घरातच पडून असली तरी हेच.

मे महिन्यात लिहिलंत ते बरं केलंत, कारण सर्व्हिस डिपार्टमेंटला गर्दी होते ती शिकारी सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाट उघडतात तेव्हा. हरणाचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, तोवर रायफल आली नाही तर त्याच दीड इंचवाल्या मित्राची उसनी मागा आणि आधी रेंजवर तिच्यावर हात बसवा. तेही नाही जमलं तर 26 डिसेंबरपासून फ्लिंटलॉकचा सीझन असतो, चकमकीची बंदूक, एकच गोळी, धूर डोळ्यात. रायफल बदलून आली तरी व्हिडिओवाली तपासणी नव्या ट्रिगरवर पहिल्या दिवशी परत करा, आणि कंपनीचं लेखी उत्तर आलं की सिरीयल नंबर झाकून मला फोटो पाठवा, त्यांनी कुठल्या शब्दांत काय कबूल केलंय ते बघून पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो.